मोजून दिलेलं पाणी

मांजराला साखर होते हे मला साठीला टेकल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी आधी चिडलो. कुणावर, ते सांगता येणार नाही. लष्करी छावणीच्या बाजूला जनावरांच्या एक डॉक्टर बसायच्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी मांजरीच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात घातला आणि आकडा माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, "अहो, आमच्या घरात गोडाचं कुणाला वेड नाही. हिला कुठून आली साखर?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, वय झालंय तिचं. मांजरात तेरा वर्षं म्हणजे म्हातारपण." रक्त पुढं तपासायला पाठवलं आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की किडन्याही थकल्यात. म्हणजे एका दुखण्यावर भागलं नाही.

ही मांजर आम्ही कुठून आणलेली नव्हती. हर्सूलच्या अलीकडं आमचं घर बांधायला काढलं तेव्हा ती वाळूच्या ढिगावर येऊन बसली आणि वास्तुशांतीच्या आधीच घरात शिरली. तेव्हा घरामागं ज्वारीची रानं होती. तिथले उंदीर मारून ती आणायची आणि माझ्या बायकोच्या पोथीशेजारी नेऊन ठेवायची. आमचं घराणं पणजोबांपर्यंत भिक्षुकीचं, आजोबांपासून कारकुनीचं. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि ही बया रोज शिकार घेऊन यायची. मग रानं गेली, प्लॉट पडले, गल्ली झाली, एकेका घरावर तीन-तीन मजले चढले. मांजर कंपाउंडवर बसून सिमेंटच्या गाड्या बघत दिवस काढायला लागली. शहर वाढत गेलं, पाणी होतं तेवढंच राहिलं. लागोपाठच्या त्या दुष्काळात तर नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, कधी आठव्या. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला होता आणि तिथं क्रिकेट चालायचं.

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मी घरी येऊन बायकोला सांगायला बसलो आणि अर्ध्यातच माझा मलाच मेळ लागेना. साखरेसाठी हिला पोळी, भात, दूध सगळं बंद, नुसतं मांस द्यायचं. किडनीसाठी मांस कमी करायचं. किडनीचं तयार खाणं डब्यात मिळतं, पण त्यात पीठ असतं, ते साखरेला चालत नाही. साखरेचं तयार खाणं मिळतं, ते किडनीला झेपत नाही. बायको म्हणाली, "मग द्यायचं काय?" मी म्हणालो, "मला काय विचारतेस? मी लावलेत का हे रोग तिला?" तिनं तीस वर्षं शाळेत पोरं शिकवलेली, असल्या उत्तराला ती भाव देत नाही. "डॉक्टरांनी शेवटी काय ठरवून दिलं तेवढं सांगा," ती म्हणाली. ठरवून दिलं होतं कोंबडीचं उकडलेलं मांस, बेतानं, आणि अंड्यातलं नुसतं पांढरं. ती मग म्हणाली, "भांडं वेगळं ठेवा आणि मागच्या अंगणात करा. वास घरात आला तर मी बोलणार."

तर अशा रीतीनं ज्याच्या सात पिढ्यांत कुणी कोंबडी शिजवली नाही, तो मी साठाव्या वर्षी मागच्या अंगणात स्टोव्ह पेटवून बसायला लागलो. खाटीक पहिल्या दिवशी म्हणाला, "मसाला पाहिजे का, काका?" मी म्हणालो, "मांजरासाठी आहे." त्याला ते पटलं नाही. सोवळ्यातला माणूस मांजराचं नाव सांगून चोरून खातो, असंच त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि मी दिसलो की तो डोळा मिचकावून पिशवी काळ्या कागदात गुंडाळून द्यायचा.

खरी कटकट सुईची होती. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, इन्सुलिन, मानेच्या खाली कातडी चिमटीत धरून. पण आधी खाल्लं पाहिजे. न खाता सुई दिली तर साखर एकदम पडते आणि जीव जाऊ शकतो. सुई चुकवली तर साखर चढते. आणि किडनीच्या दुखण्यात मळमळतं, त्यामुळं ही बाईसाहेब ताटलीचा वास घेऊन मान फिरवायची. मी सातला ताटली ठेवायचो. सव्वासात, साडेसात. "खा गं बाई, दोन घास खा," म्हणत मी तिच्यामागं अख्खं घर फिरायचो. शेवटी दोन तुकडे चघळून टाकायची, आणि मग प्रश्न, की ह्याला खाल्लं म्हणायचं का? सुई पूर्ण द्यायची, अर्धी द्यायची, का द्यायचीच नाही? डॉक्टरांना फोन करावा तर त्या गायीच्या बाळंतपणात. माझ्या आयुष्यात मी इतका कशानंच बेजार झालो नाही.

माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न पैठणला होतं. अक्षता पडल्या आणि मी पंगतीत न बसता निघालो, कारण सातच्या आत घर गाठायचं होतं. मेव्हणा मांडवाच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊजी, मांजराला विचारून आला होता ना?" लोक हसले. मी पण हसलो, पण आतून माझा जळफळाट झाला होता. त्यानंतर आम्ही कुणाकडं मुक्कामाला गेलो नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकून मात्र माझा जीव जरा भांड्यात पडला होता. त्या म्हणाल्या होत्या, "काका, कान आठवड्यातून एकदा टोचा, आणि रोजचं पाणी मोजा. साखर चढली की ती जास्त पाणी पिणार. साखर उतरली की थोडं कमी होईल. किडनीमुळं फार कमी होणार नाही, पण अंदाज येईल." पाणी मोजा म्हणाल्या, आणि कुणाला म्हणाल्या? मी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. कालव्याच्या तोंडाशी मोजपट्टी बसवलेली असते, ती सकाळ-संध्याकाळ वाचायची आणि वहीत उतरवायची, हे मी ऐन उमेदीत बारा वर्षं केलं, आणि पुढं कचेरीत बसून दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. सबंध जिल्ह्यात माझ्याइतकं चोख वाचन कुणाचं नसेल, असं मला तेव्हा वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

मी एक पारदर्शक डबा आणला, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर बारीक रेघा आखल्या. सकाळी सातला दारातल्या ओट्यावर बसून औषधाच्या मापानं मोजून पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं वाचायचं, ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचं, कारण त्या दिवसांत पाण्याचा थेंब वाया घालवणं मला बघवत नसे, आणि पुन्हा नवं मोजून घालायचं. पण आमचा उन्हाळा असा, की डब्यातलं पाणी मांजर प्याली किती आणि हवेनं नेलं किती ते कळणार कसं? धरणावर ह्यासाठी एक वेगळी टाकी उघड्यावर ठेवतात. तिच्यातलं कुणी वापरत नाही, फक्त उडून किती गेलं ते बघतात आणि हिशेबातून वजा करतात. मी तेच केलं. तसाच दुसरा डबा तितकंच पाणी घालून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवला, मांजरीचं तोंड पोचणार नाही अशा जागी. ती खालून त्याच्याकडं बघत बसायची. मी तिला म्हणायचो, "तो तुझा नाही, तो हवेचा आहे."

गल्लीत मला पाणीवाले साहेब म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मी कधी तपासलं नाही. पाणी आलं की बायका अंगण धुवायच्या, गाड्या धुवायच्या, आणि मी फाटकात उभा राहून सांगायचो की नाथसागर धरणाचं पाणी कुठवर उतरलंय. "एक बादली वाचवली तर काय बिघडतं?" असं मी घराघरात जाऊन बोललेलो आहे. बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चाललो होतो. लोक ऐकून घ्यायचे आणि मी वळलो की पाइप पुन्हा सोडायचे.

दोन महिन्यांत वहीतला आकडा उतरायला लागला. आधी ती दिवसाला डबा जवळपास रिकामा करायची. मग निम्मा. मग त्याच्याही खाली. मी दर पंधरवड्याला वही घेऊन छावणीत जायचो आणि डॉक्टरांपुढं उघडायचो. बाष्पीभवन वजा केलेलं पाहून त्यांनी डोळे मोठे केले. "काका, इतकं कमी?" त्या म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली. कान टोचण्याचं मी तोवर सोडून दिलं होतं. टोचायला गेलं की ती चावायची, माझ्या अंगठ्याला दोनदा पू झाला होता, आणि आकडा चांगला येतोय म्हटल्यावर उगाच त्रास कशाला, असं माझं म्हणणं. डॉक्टरांनी विचारलं, "कान टोचून बघताय ना?" मी म्हणालो, "बघतोय." सरळ खोटं बोललो. वहीवर विश्वास ठेवून त्यांनी इन्सुलिन थोडं कमी केलं.

बायको म्हणायला लागली, "अहो, हिची हाडं लागतायत हाताला." मी म्हणालो, "वही बघ." ती म्हणाली, "वही काय बघू? तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघा." मी म्हणालो, "म्हातारपणी माणसंपण वाळतात." असं आमचं आठ दिवस चाललं. एकदा तर ती चिडून म्हणाली, "तुम्हाला मांजर दिसत नाही, तुम्हाला फक्त डबा दिसतो," आणि मी ताटावरून उठलो. बरोबर बोलली म्हणून उठलो, हे आता कबूल करतो. तेव्हा मी म्हणालो होतो की ह्या घरात इमानदारीनं काम करणाऱ्याला किंमत नाही.

मग एका सकाळी मांजर ओट्यावरून खाली उतरेना. उतरली तेव्हा मागच्या पायांचे पंजे न टेकता टाचांवर घसटत चालली, दोन पावलं, आणि बसली. तिच्या तोंडाला नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येत होता. मी तिला टोपलीत घालून छावणीत नेलं. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. साखर इतकी चढली होती की ती यंत्राच्या पट्टीबाहेर गेली होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त घेतलं, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काका, एवढ्या साखरेला हिनं घागरभर पाणी प्यायला पाहिजे. ही पाणी कुठं पितेय?" मी म्हणालो, "डब्यात. दुसरीकडं कुठं?" किडनीचा आकडाही वर गेला होता. तीन दिवस तिला तिथंच ठेवून घ्यायचं ठरलं, आणि जगेल का, ह्याला त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचं घर कन्नड तालुक्यातलं, गावाकडं शेती, मुलगा वाळूजला कंपनीत, म्हणून इथं येऊन राहिलेल्या. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. पदर सावरत फाटकाशीच उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, मांजर दिसंना दोन दिस झाले. भांडं तसंच भरलेलं हाय."

मी विचारलं, "कुठलं भांडं?"

"आमच्या दारातलं. दिसातून दोनदा भरते की म्या. सकाळी तुमचं मापून झालं की ती थेट आमच्याकडं येती."

मी विचारलं, की तुम्ही माझ्या मांजरीला पाणी का पाजता? मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "राग मानू नका. तुमी इवल्याशा मापानं तिला पाणी घालता. उरलेलं बी सकाळी काढून घेता अन् झाडाला ओतता. अन् एक डबा भरून वर ठेवता, तिला दिसंल पण मिळणार नाय असा. ती खाली बसून वर बघती. लई जीव तुटायचा, साहेब. मुकं जनावर."

"मग मला बोलायचं होतं!"

"कसं बोलावं? दुष्काळ हाय. ज्याच्या त्याच्या पाण्याचं ज्यानं त्यानं बघावं. तुमच्या घरात किती हाय अन् किती नाय, ते आमी कोण इचारणार?"

हे खरं होतं. त्या वर्षांत आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या ड्रमाकडं बघत नसे. कुणाकडं पाहुणे आले तर शेजारी दोन हंडे भरून दारात ठेवून जायचे, पण तुमच्याकडं पाणी किती उरलंय, असं तोंड उघडून विचारायचं नाही, हा न सांगितलेला नियम होता. मी एकटाच तो मोडत आलो होतो, फाटकात उभा राहून. म्हणून त्यांनी जे पाहिलं त्याचा अर्थ त्यांना चटकन लागला. पाणीवाले साहेब, गल्लीला बादली-बादली वाचवायला सांगणारे, स्वतःच्या आजारी मांजराला मापानं पाणी देतात. गल्लीत कुणालाच ह्याचं नवल वाटलं नव्हतं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी विचारलं, "नुसतं पाणीच ना?"

"दूधभाकर बी. भुकेली दिसायची. नुसती हाडं ऱ्हायली होती. अन् समोरचे मास्तर बिस्कुट देतात, त्यांच्याकडं बी जाती."

मग मी ओरडलो. गल्लीनं ऐकलं असेल इतकं ओरडलो. तिला साखर आहे, किडनी गेलीय, दूध तिला विष आहे, मी आठ महिने सकाळ-संध्याकाळ सुया टोचतोय, लग्नं सोडली, कोंबड्या शिजवल्या, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं वाटोळं केलंत. सहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यातलं, स्वतःच्या तोंडचं काढून त्यांनी माझ्या मांजरीला दिलं होतं, आणि मी त्यांना हे बोलत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मांजराला साखर? आमाला काय ठावं, साहेब." आणि मग, अगदी हळू, "म्या मारली का मग तिला?"

नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. कान टोचायचं मी सोडलं होतं, डॉक्टरांशी मी खोटं बोललो होतो, बायको सांगत होती ते मी ऐकलं नव्हतं. त्यांचा दोष असला तर एक भाकरीचा तुकडा. पण मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मांजर तीन दिवसांनी घरी आली. डॉक्टर म्हणाल्या, आता हिला बाहेर सोडू नका, काय खाते-पिते ते सगळं नजरेखाली पाहिजे. मी दारं-खिडक्या बंद केल्या. बायकोनं गल्लीत जाऊन सगळ्यांना समजावून सांगितलं, माझ्यात ती हिंमत नव्हती. मास्तरांनी म्हणे विचारलं, "हिला साखर झाली कशी, चहा प्यायची का?" आता सुयांबरोबर रोज कातडीखाली सलाईनही द्यायचं होतं. पडद्याच्या दांडीला पिशवी अडकवायची, बायकोनं मांजर मांडीत धरायची आणि मी सुई खुपसायची. कान दोन दिवसांआड टोचायचा. मी आता एक आकडा चुकवला नाही. साखर आटोक्यात आली, तसतसा किडनीचा आकडा वर जायला लागला. एकीला सावरावं तर दुसरी हातातून सुटायची. मी दात-ओठ खाऊन सगळं करत होतो, आणि मांजर दिवसभर बंद दाराशी बसून रडत होती. माझी पावलं वाजली की ती पलंगाखाली जायची. तिथून मी तिला ओढून काढायचो. बायको आली की ती पलंगाखालून बाहेर यायची, हे मी पाहिलं होतं.

असे सहा आठवडे गेले. मग तिनं खाणंच सोडलं. छावणीत नेली तेव्हा डॉक्टरांनी तिला तपासलं, वजन केलं, आणि टेबलावरून उचलून पुन्हा माझ्या टोपलीत ठेवली. म्हणाल्या, "काका, आता सुया थांबवू या. थोडे दिवस आहेत. घरी न्या आणि तिला जे आवडतं ते द्या." मी वाद घातला. डोस बदलून बघू म्हणालो, पुण्याला नेतो म्हणालो. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत." मला त्यांचा राग आला. एवढं करून हातात काही राहिलं नसेल, तर ते केलं कशाला?

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, की जे आवडतं ते द्या म्हणाल्या. तिनं विचारलं, "काय आवडतं तिला?"

मांजरीनं किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती टाकलं, सगळं मला तोंडपाठ होतं. आवडीनं काय खाल्लं, ते मला माहीत नव्हतं. बायकोलाही सांगता येईना. स्टोव्ह, ताटली आणि घड्याळ सगळं मी माझ्याच हातात ठेवलं होतं.

मी चपला घातल्या आणि शेजारी गेलो. त्या दिवसानंतर आमचं बोलणं नव्हतं. वहिनी दारात गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी उभ्या-उभ्याच म्हणालो, "वहिनी, तुम्ही नाही मारली तिला. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग मी विचारलं, "तिला काय आवडतं हो?"

"साय," त्या लगेच म्हणाल्या. "दुधावरची. ताटलीत ठिवली तर खात नाय. बोटावर घेऊन द्यावी लागती."

त्या आत गेल्या आणि वाटीत साय घेऊन माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या. मांजर पलंगाशेजारी गोधडीवर पडून होती, मान खाली टाकून. मी खाली बसलो, बोट सायीत बुडवलं आणि तिच्यापुढं नेलं. माझा हात जवळ येताना दिसला तशी तिनं डोळे मिटले आणि पाठीची कातडी आखडून घेतली, सुई येणार म्हणून. मी बोट तसंच धरून ठेवलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

"तुम्ही द्या," मी म्हणालो आणि वाटी वहिनींच्या हातात दिली. त्या माझ्या जागी बसल्या, "ये गं माय," म्हणाल्या आणि बोट पुढं केलं. मांजरीनं डोळे उघडले, बोटाचा वास घेतला आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी आतल्या खोलीत गेलो. मी तिथं असेपर्यंत ती खाणार नव्हती.